कुंकवाची सेटिंग

माझ्या वहीत एक शब्द वारंवार येतो: तात्पुरतं. सर्व्हरची एखादी सेटिंग बदलली की मी तारीख टाकते, काय बदललं ते लिहिते आणि पुढे हा शब्द लिहून मोकळी होते. मोकळी म्हणजे खरोखरच मोकळी, कारण त्यातलं निम्मं मी पुन्हा कधी उघडूनही बघत नाही. हे मी आज हसत लिहिते आहे. त्या आठवड्यात मात्र हसू येत नव्हतं.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या सहा-सात कारखान्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळते. माहेर वैरागचं, वडील शेतकरी. शिकून नोकरी केली, नोकरीत साहेबांशी पटलं नाही, म्हणून स्वतःचं काम सुरू केलं. स्कूटर, एक बॅग, बॅगेत लॅपटॉप, तारा, ब्रश, स्पिरिटची बाटली आणि ती वही. स्वभाव तापट आहे हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला आश्चर्य वाटायला नको. एरवी मी बऱ्यापैकी शुद्ध बोलते, पण डोकं फिरलं की वैराग बाहेर पडतं. गिऱ्हाइकं ते ओळखून आहेत. 'म्याडम हितं-तितं करायला लागल्या, आता गप बसा,' असं एकमेकांना सांगतात.

त्यातला एक कारखाना टॉवेलचा. त्यांच्याकडे बारा जकार्ड माग आहेत. टॉवेलवर जी फुलं, मोर, नक्षी विणलेली दिसते, ती हे माग काढतात. पूर्वी नक्षी पुठ्ठ्याला भोकं पाडून मागावर चढवत. आता ती कॉम्प्युटरवर तयार होते. डिझाइनच्या खोलीत दोन मुली नक्षी काढतात, ती सर्व्हरवर जाते आणि सर्व्हर तारेतून ती मागांना पुरवत राहतो. यांचे माग जुन्या पद्धतीचे, त्यामुळे सगळी नक्षी एकदम घेऊन ठेवायची सोय नाही. थोडी थोडी येत राहते, तसतसा माग विणत जातो. येणं थांबलं की माग थांबतो. पुन्हा सुरू केला की जिथे थांबला होता तिथे कापडावर आडवी रेघ उमटते आणि तो टॉवेल दुय्यम मालात जातो.

हे माग ज्यांच्या ताब्यात, ते जॉबर. जॉबर म्हणजे माग जुळवणारा, दुरुस्त करणारा माणूस. वय साठीच्या आत-बाहेर, घरचं बोलणं तेलुगू, हयात सगळी मागावर. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणतो, मालकसुद्धा. मागाच्या खटखटीत ऐकू काहीच येत नाही, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. उघडा पंजा वर केला की थांब. दोन बोटं एकमेकांना घासली की धागा तुटला. आणि एक शिस्त असते: एकाचे हात खाली येईपर्यंत दुसरा हात उचलत नाही. मामांचे कान आता थोडे मंदावलेत, पण कारखान्याच्या या टोकाकडून त्या टोकाला कोण काय म्हणालं ते त्यांना डोळ्यांनी कळतं.

पावसाळ्यात माग मध्येच थांबायला लागले. आधी दोन-चार दिवसांतून एकदा, मग रोज. मी प्रिंटरच्या कामासाठी गेले होते तेव्हा मामा पायऱ्यांवर गाठ पडले. म्हणाले, "म्याडम, लाईन जातीया ओ. बघा की जरा."

आता आमच्याकडे लाईन जाते म्हणजे वीज जाते. लहानपणापासून हेच ऐकलंय. विहिरीवरची मोटार बंद पडली की लाईन गेली, टीव्ही बंद पडला की लाईन गेली. मी त्यांना म्हटलं, मामा, ते माझं काम नव्हे, वायरमनला सांगा. ते काहीतरी बोलणार होते, पण मी घाईत होते. मी नेहमीच घाईत असते.

दोन दिवसांनी मालकांनी मला बोलावून विचारलं, हे तुमच्या सर्व्हरमुळे तर होत नाही ना? मी त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडला आणि पिंग करून दाखवलं. पिंग म्हणजे सर्व्हरला हाक मारायची आणि तो ओ देतो का बघायचं. शंभर हाका मारल्या, शंभर वेळा ओ आली. मी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "सर्व्हर ठणठणीत आहे. मागाकडे बघा." आवाजात तोरा होता, तो मला आजही आठवतो. मालकांनी नुसतं हं केलं.

त्या हं-चा अर्थ मला पुढच्या गुरुवारी कळला. डिझाइनच्या खोलीतली एक मुलगी चहा देताना म्हणाली की सोमवारपासून मामा घडी खात्यात जाणार. घडी खातं म्हणजे तयार टॉवेल मोजून, घड्या घालून गठ्ठे बांधायची जागा. काम हलकं असतं, बसून करायचं असतं. ती म्हणाली, मालकांचं म्हणणं, मामांचं वय झालं, माग आता त्यांना आवरत नाहीत. म्याडमनीच सांगितलं ना, सर्व्हर चांगला आहे म्हणून.

मी कप ठेवून मागांकडे गेले.

मामा बाराव्या मागापाशी होते. मला पाहून त्यांनी हाताने 'बाहेर चला' अशी खूण केली, आणि आम्ही मागांच्या खोलीच्या दरवाजाबाहेर भिंतीपाशी उभे राहिलो. त्या भिंतीवर खडूने रेघा मारल्या होत्या. रोजच्या रेघा वेगळ्या, प्रत्येकीपुढे वेळ. मामांनी दोन आठवडे माग थांबल्याची नोंद ठेवली होती आणि कुणीही ती विचारली नव्हती. जवळजवळ सगळ्या वेळा चारच्या आसपासच्या होत्या.

"एक माग बंद पडला तर चूक माझी म्हना," ते म्हणाले. "हे बाराच्या बारा एकदम पडत्यात. माजे हात दोनच हायत की."

मग ते म्हणाले की जुनी डबी होती तोवर असं कधी झालं नव्हतं, नवी बसवल्यावरच हे सुरू झालं. आणि जरा थांबून, न रागावता: "मी लायटीची लाईन म्हनलो न्हवतो. तारंची म्हनलो होतो."

नवी डबी म्हणजे स्विच. हा स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. सर्व्हरच्या, मागांच्या, डिझाइनच्या खोलीच्या सगळ्या तारा जिथे एकत्र येतात ती पेटी. उन्हाळ्यात जुनी पेटी उष्णतेने गेली होती आणि मीच नवी आणून बसवली होती. मामांना नेटवर्कमधलं काही कळत नाही, पण काय बदलल्यावर काय बिघडलं, हे त्यांनी बरोबर पकडलं होतं. हे माझं काम होतं. मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून तरातरा सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसले.

चार वाजता तिथे नेमकं काय होतं हे विचारायला कुठे जायची गरज नव्हती. चारला मुली दिवसभराची नक्षी सर्व्हरवर टाकतात. पावसाळ्यात मोठ्या टॉवेलांची ऑर्डर आली तेव्हापासून त्या फायली भल्यामोठ्या झाल्या होत्या. सर्व्हरचं नेटवर्क कार्ड, म्हणजे ज्यात तार खुपसतात तो भाग, आलेल्या माहितीच्या तुकड्यांचा हिशेब ठेवतं. चांगले किती आले, मोडके किती आले. पावणेचारला मोडक्यांचा आकडा स्थिर होता. चारला मुलींनी फायली टाकायला घेतल्या आणि तो आकडा पळायला लागला. बाहेर मागांची खटखट एकदम बंद झाली. ती शांतता मी कधी विसरणार नाही.

पिंगची हाक लहान असते, म्हणून ती कुठूनही निसटून जाते. मोठं ओझं आलं की खरी परीक्षा होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी पाहिलं नव्हतं, एवढंच.

मग मी कार्डाची सेटिंग उघडली. एरवी तिथे 'ऑटो' असतं. तार जोडली की कार्ड आणि स्विच आपसात बोलून ठरवतात, किती वेगाने जायचं आणि दोघांनी एकाच वेळी बोलायचं की पाळीपाळीने. इथे ऑटो नव्हतं. वेग हाताने ठरवून टाकला होता, तोही कमी, आणि 'दोघांनी एकदम बोलायचं' असं पक्कं केलेलं होतं. नवा स्विच मात्र ऑटोवर. त्याने विचारलं असणार, आपण कसं बोलायचं? समोरून उत्तरच नाही. उत्तर नसलं की स्विच जपून वागतो, पाळीपाळीने बोलायचं असं धरून चालतो. म्हणजे सर्व्हर मनाला येईल तेव्हा बोलत होता, आणि स्विच प्रत्येक वेळी दचकून आपलं वाक्य अर्धवट टाकत होता. थोडं बोलणं असलं की चालून जायचं. चार वाजता सगळा विचका व्हायचा.

असली सेटिंग कुणी केली म्हणून मी तोंडातल्या तोंडात शिव्या दिल्या. अस्सल वैरागी. मग वही काढली.

दोन वर्षांपूर्वीचं पान. खंडेनवमीचा दिवस. माझंच अक्षर: 'सर्व्हरच्या सॉकेटमध्ये कुंकू. तार धरत नाही. वेग कमी करून दोन्हीकडे हाताने ठरवला. तात्पुरतं.'

सगळं आठवलं. खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. माग धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात आणि मामा ताट घेऊन प्रत्येक मागाला हळदकुंकू लावत जातात. त्यांची एक रीत आहे. मागाच्या पाटीवर, कपाळावर लावल्यासारखं ते लावत नाहीत. धागा जिथून निघतो तिथे लावतात. त्यांच्या वडिलांनी तसं शिकवलं होतं. त्या वर्षी मालक म्हणाले, मामा, सर्व्हरलाही लावा, आता नक्षी तिथूनच येते. मामा सर्व्हरच्या खोलीत गेले, पुढून मागून नीट पाहिलं, तार कुठून निघते ते शोधलं आणि तिथे, थेट सॉकेटच्या तोंडात, ओलं कुंकू लावलं. त्यांच्या रीतीप्रमाणे अगदी बरोबर जागी.

मी आले तेव्हा तार धरत नव्हती. ब्रशने साफ करत बसले होते, आणि मामा दारात ताट धरून बघत होते. आतले आठही पितळी दात नीट टेकले तरच पूर्ण वेग मिळतो. कमी वेगाला चार पुरतात. सणाच्या दिवशी अडून राहायला नको म्हणून मी वेग कमी केला, सर्व्हरकडे आणि जुन्या स्विचकडे सारखाच. आठवड्याने सॉकेट स्पिरिटने लख्ख केलं. सेटिंग तशीच राहिली. दोन्हीकडे सारखी होती तोवर कुणाचं काही अडलं नाही. उन्हाळ्यात मी स्विच बदलला आणि त्यातला एक जोडीदार गेला.

आता सेटिंग ऑटोवर न्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पण तेवढा वेळ तार तुटते, म्हणजे बारा माग थांबवायला हवेत, म्हणजे मालकांना विचारायला हवं. 'सर्व्हर अपडेट करायचाय,' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. माग नीट चालू लागले असते, माझी अब्रू राहिली असती, आणि सोमवारी मामा घडी खात्यात गेले असते. कारण मागांचं सुधारणं त्यांच्या जाण्याच्या नावे लागलं असतं. हा विचार माझ्या मनात आला होता. आला होता हे लिहिलंच पाहिजे.

शुक्रवारी सकाळी मालकांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा मी मामांनाही बोलावून घेतलं. एकच गोष्ट वगळायची असं ठरवून गेले होते: कुंकू. ते सांगितलं की दोष फिरून पुन्हा त्यांच्याच माथी. म्हणून मी म्हणाले, चूक माझी आहे. दोन वर्षांपूर्वी सर्व्हरची एक सेटिंग बदलली होती, ती परत करायची विसरले. माग थांबतात ते त्यामुळे. मामांच्या कामात काही खोट नाही.

मालकांनी चष्मा काढला. त्यांना समजावून सांगताना माझी अडचण झाली, तेव्हा मला मागांवरचे हात आठवले. मी म्हटलं, मागावर एकाचे हात खाली येईपर्यंत दुसरा हात उचलत नाही ना? इथे एकाला ती रीत माहीत आहे, दुसऱ्याला नाही. दोघं एकदम हात उचलतात, आणि कुणाचंच कुणाला कळत नाही.

मामा लगेच म्हणाले, "मग दोघांनी आदी ठरवायला पायजे की." ऑटो सेटिंगचा इतका सोपा खुलासा मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही.

मालक म्हणाले, ते कळलं, पण तुम्ही ती सेटिंग बदललीच का? मी म्हणाले, तार धरत नव्हती. का धरत नव्हती? मी खाली बघितलं.

"कुंकू मी लावलं होतं," मामा म्हणाले. "खंडेनवमीला. म्याडम बरशानं काडत होत्या, मी बगत होतो."

हा माणूस त्याच कामावर राहणार की नाही याचा निर्णय समोर चालला होता, आणि त्याने आपणहून दोष स्वतःच्या अंगावर घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला म्हणून मी तावातावाने बोलायला लागले. कुंकू दोन वर्षांपूर्वीचं हाय, ते मी आठवड्यात काढलं, त्यानं काय बी झालं न्हाय. झालं ते माझ्या इसरण्यानं. हितं मामांचा काय संबंध न्हाय, आन् त्यांना घडी खात्यात बसवायचं आसंल तर मलाबी बसवा. मालक आधी माझ्याकडे, मग मामांकडे बघत राहिले आणि हसायला लागले. म्हणाले, म्याडम हितं-तितं करायला लागल्या म्हणजे खरंच असणार. माग कधी थांबवायचे बोला.

दुपारी तीनला पाळी बदलते, तेव्हाचं ठरलं. मामा मागांच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी पंजा वर केला. बाराही माग थांबले. मी सर्व्हरवर सेटिंग ऑटोवर नेली. कार्डाचा दिवा विझला आणि मग हिरवा लागला. दोघांनी बोलून ठरवलं होतं: पूर्ण वेग, आणि एकदम बोलायला हरकत नाही. स्विचच्या बाजूलाही तेच दिसत होतं. ते मी यावेळी दोनदा पाहिलं.

चारला मुलींना सांगितलं, आज सगळं एकदम टाका, जुन्या फायलीसुद्धा. मी मोडक्या तुकड्यांच्या आकड्याकडे बघत बसले. शून्य. साडेचारला शून्य. मग उठून मागांकडे गेले. मामा दरवाजाबाहेर भिंतीपाशी खडू हातात धरून उभे होते आणि आत बारा माग चालू होते. पाच वाजता त्यांनी खडू खिशात टाकला आणि आत निघून गेले. सोमवारी मी मुद्दाम काही काम काढून तिकडे गेले. ते बाराव्या मागाखाली पाठीवर झोपून काहीतरी जुळवत होते, आणि मला त्यांचे फक्त पाय दिसले. मी कुणाला न भेटता परत आले. दिवस फार चांगला गेला.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी आधीच जाऊन सर्व्हरच्या खोलीत बसले होते. खरं सांगायचं तर पहारा द्यायला. सॉकेटवर पट्टीही चिकटवून ठेवली होती. मागांची पूजा आटोपून मामा ताट घेऊन आले, आणि उंबऱ्यातच थांबले. दोन वर्षांपूर्वी न विचारता आत आले होते.

"अम्मा," ते म्हणाले. तेलुगूत लेकीलाही अम्माच म्हणतात. तोवर त्यांनी मला म्याडमशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. "कुटं लावू?"

मी म्हटलं, तुमची रीत काय सांगते? तार जिथून निघते तिथे ना? मामांनी सर्व्हरकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं, आणि मग माझ्या मांडीवरच्या वहीकडे बोट केलं. मी उघडली. उघडताना तेच पान काढलं. 'तात्पुरतं' या शब्दावर मी काट मारली होती आणि पुढे सेटिंग परत केल्याची तारीख लिहिली होती. त्यांनी त्या तारखेशेजारी कुंकवाचं बोट टेकवलं, ताटातलं झेंडूचं एक फूल पानावर ठेवलं आणि वही मिटली.

ते फूल अजून आत आहे. वाळून चपटं झालंय, तरी वहीत त्याचा फुगवटा राहिला आहे. आता कुठल्याही कारखान्यात, कुठल्याही घाईत मी वही उघडते तेव्हा आधी तेच पान उघडतं.